चोक गरम लागतो, काका

“गाडी सुरू होत नाही,” असं म्हणत माणूस गॅरेजच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या त्या चार शब्दांत निदान पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. चावी फिरवली तरी काहीच होत नाही, समोरचे दिवेसुद्धा लागत नाहीत, हे एक. दिवे लागतात, पण खालून नुसता एक ‘टक’ येतो आणि सगळं गप्प होतं, हे दुसरं. ‘टकटकटकटक’ असा घाईचा आवाज येतो, हे तिसरं. सेल्फ चांगला फिरतो पण इंजिन पकडत नाही, हे चौथं. इंजिन पकडतं आणि दोन सेकंदांत मरतं, हे पाचवं. पहिल्या तिन्हींत बॅटरी, टर्मिनल, सेल्फ, अर्थिंग बघायचं. चौथ्यात पेट्रोल आणि प्लगचा करंट बघायचा. पाचव्यात, नव्या गाड्यांत, पुष्कळदा चावीतली चिप गाडीला ओळखू येत नसते. म्हणून पाना हातात घेण्याआधी माणसाला विचारायचं: नेमकं काय होतं? कधी होतं? आवाज कसा येतो?

हे मला २००५ सालीही माहीत होतं. माहीत असून मी विचारलं नाही, आणि सांगणारी मुलगी समोर उभी असताना ऐकलंही नाही. ते आज लिहितो आहे.

माझं गॅरेज वाळूजला, बजाजनगर आणि पंढरपूर यांच्या मधल्या रस्त्यावर. हे पंढरपूर म्हणजे आषाढीला शहरातून लोक पायी दर्शनाला येतात ते छोटं पंढरपूर. १९८५ साली इथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागे गावोगावची आमच्यासारखी माणसं आली. मी पैठण तालुक्यातला. शहरात एका उस्तादांच्या हाताखाली पाच वर्षं काढली आणि मग इथं पत्र्याचं शेड टाकलं. सुरुवातीला स्कूटर आणि टेम्पो यायचे. मग पाळ्या करणाऱ्या कामगारांनी जुन्या मारुती ८०० घ्यायला सुरुवात केली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, डॅशबोर्डाखाली ओढायचा चोक. बारा-पंधरा वर्षं जुनी गाडी कामगाराच्या ऐपतीत बसायची. ती दारात उभी राहिली की घरातली बाई गल्लीत सगळ्यांना पेढे वाटायची. मी पाहिलेलं आहे.

भाऊंची गाडी अशीच होती. पांढरी, पुढचा बंपर रंगवलेला. ते एका पुरवठादार कंपनीत मशीनवर होते. डिसेंबर २००५ मध्ये, कडक थंडीच्या एका सकाळी, पहिल्या पाळीऐवजी रजा टाकून ते गाडी धक्का मारत घेऊन आले. सोबत त्यांची मुलगी होती, बारावीला असलेली. चावी फिरवली की ‘टक’ व्हायचं आणि पुढं काहीच नाही.

मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरीहिरवी पावडर साचली होती. गरम पाणी ओतून ती धुतली, आवळली. मीटर लावला तर १२.४ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ दिसतात, त्यामानाने हे वाईट नव्हतं. पण बॅटरीच्या अंगावर भाऊंनी पांढऱ्या रंगाने, कंपनीत मशीनवर नंबर टाकतात तशा रेखीव अक्षरांत, घेतल्याची तारीख लिहिली होती. तिला चार वर्षं होऊन गेली होती. माझ्या फळीवर नव्या बॅटऱ्या होत्या. मी म्हणालो, “भाऊ, चार वर्षं झाली. बॅटरीचं आयुष्य संपलं. बदलून टाका.”

त्याच वेळी ती मुलगी म्हणाली, “काका, पप्पा सेल्फ मारतात ना, तेव्हा चोक गरम लागतो.”

तिची जागा ड्रायव्हरशेजारची. थंडीत वडील चावी फिरवायचे आणि चोक ओढून धरायचं काम तिच्याकडे असायचं. म्हणजे रोज सकाळी तिचा हात तिथं असायचा. मी बॉनेटमधून मान वर न काढता म्हणालो, “इंजिन तापलं की सगळंच तापतं, बाळा.”

इंजिन तापलं की! डिसेंबरच्या सकाळी रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी, जी सुरूच झालेली नाही, तिचं इंजिन तापणार कुठून? एक क्षण थांबलो असतो तर हे मलाच कळलं असतं. पण मला वाटलं होतं की रोग सापडला आहे, आणि मग तिचं बोलणं मला मध्येच आलेलं बोलणं वाटलं.

चोक का तापत होता, ते सांगतो. सेल्फला लागणारा करंट थोडाथोडका नसतो, लहान गाडीतही तो शंभर अँपिअरच्या आसपास जातो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून तो जाड वायरीने सेल्फपर्यंत जातो, हे गाडी वापरणाऱ्याला साधारण ठाऊक असतं. पण जितका जातो तितका परतही यावा लागतो. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनाचं लोखंड, तिथून बॉडीला जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी आणि तिथून बॅटरीचं निगेटिव्ह. यालाच आम्ही अर्थिंग म्हणतो. ही पट्टी खाली, चिखलपाण्याच्या जागी असते. ती सडली की करंट दुसरा रस्ता शोधतो. इंजिनाला आणि बॉडीला दोन्हीकडे जोडलेलं जे काही लोखंड असेल, त्यातून तो परतायला बघतो. चोकची केबल तशीच होती, एक टोक कार्ब्युरेटरला आणि दुसरं डॅशबोर्डच्या पत्र्याला. सायकलच्या ब्रेकवायरीएवढी ती केबल शंभर अँपिअरचं ओझं कसं पेलणार? ती तापते. सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही आणि ‘टक’ होऊन तो थांबतो. त्या मुलीने मला अख्खं निदान एका वाक्यात दिलं होतं.

नवी बॅटरी बसवली आणि गाडी सुरू झाली. माझ्या चुकीचा मोठा भाग इथं आहे. गाडी सुरू झाली, म्हणून मी माझं निदान बरोबर धरलं. नव्या बॅटरीत जोर जास्त असतो, टर्मिनल नुकतीच साफ झालेली होती, आणि पट्टीच्या उरलेल्या दोनचार तारांतून काम भागलं, एवढंच झालं होतं. जुन्या बॅटरीचे तीनशे वजा करून मी दोन हजार रुपये घेतले.

आठवड्याने ती जुनी बॅटरी मी चार्जिंगला लावली. चार्ज झाल्यावर प्रत्येक खान्यातलं ॲसिड हायड्रोमीटरने ओढून पाहिलं. सहाच्या सहा खान्यांत आकडा १.२६ च्या जवळ. एक खानाही खाली नव्हता. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. हायड्रोमीटर हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. भाऊंचं घर बजाजनगरात, सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर. जाऊन सांगता आलं असतं की चूक झाली, गाडी परत आणा. मी गेलो नाही. त्या काळात मराठवाड्यात लोडशेडिंगने लोक रडकुंडीला आले होते, तासन्‌तास वीज नसायची. मी ती बॅटरी शेडमध्ये कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर एक बल्ब लावला. त्या उजेडात दोन वर्षं काम केलं.

जानेवारीत गाडी परत आली. पुन्हा तेच ‘टक’. बॅटरी नवी, मग उरला सेल्फ, असा मी हिशेब केला. खरं सांगायचं तर अर्थिंगची शंका मला तेव्हा आली होती. मी गाडीखाली गेलो, मीटर बीपवर ठेवला आणि पट्टीच्या दोन टोकांना पिना लावल्या. बीप वाजला. पट्टी ठीक आहे असं म्हणून मी वर आलो.

बीप वाजायला एक तार पुरते. मीटर जेमतेम कणभर करंट सोडतो आणि तो पोचला की वाजतो. शंभर अँपिअर जातील का, याचं उत्तर त्या बीपमध्ये नसतं. ते बघायचं तर सेल्फ मारत असतानाच बघावं लागतं. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगायची. अर्थिंग चांगलं असेल तर आकडा ०.२ च्या वर जात नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. मी ते केलं नाही, कारण बीप वाजला होता आणि मला सेल्फ उघडायचा होता.

सेल्फ उघडला. कार्बन अर्धे झिजलेले निघाले. बारा वर्षांच्या गाडीत ते झिजलेले निघतातच. कार्बन बदलले, बुश बदलली, बसवला, गाडी सुरू झाली. ८५० रुपये. सेल्फ काढताना-बसवताना त्या पट्टीला धक्के बसले, गंज थोडा घासला गेला आणि तिला आणखी महिनाभराची मुदत मिळाली, हे नंतर समजलं. दोन्ही वेळचे मिळून २,८५० रुपये. त्यांच्या तेव्हाच्या पगाराचा जवळजवळ अर्धा भाग.

निघताना भाऊ म्हणाले, “मिस्त्री, पोरीची परीक्षा आहे फेब्रुवारीत. सेंटर शहरात आलंय. गाडीवरच सोडणार आहे तिला.”

मी म्हणालो, “बिनधास्त जा. आता काळजी नाही.”

फिजिक्सच्या पेपरच्या दिवशी ते दोघं घरून वेळेत निघाले. नगर नाक्यावर गर्दीत क्लच लवकर सुटला आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली, ‘टक’. पुन्हा फिरवली, ‘टक’. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, धक्का द्यायला माणूस नाही. मुलगी परीक्षेची बॅग सीटवर ठेवून खाली उतरली आणि एकटीच मागून ढकलू लागली. कशीबशी गाडी कडेला लागली. मग रिक्षा मिळेपर्यंत वेळ गेला, पुढे छावणीत, लोखंडी पुलाजवळ पुन्हा गर्दी. पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर ती वर्गात पोचली.

दुपारी भाऊ गाडी टेम्पोला बांधून घेऊन आले. ते ओरडतील, शिव्या देतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी गाडी आत लावली, दार हळू बंद केलं आणि म्हणाले, “पोरीला पेपर वीस मिनिटं उशिरा मिळाला.” एवढंच. मग स्टुलावर बसून राहिले.

मला माझे उस्ताद आठवले. त्यांच्याकडे डिजिटल मीटर नव्हता. ते सेल्फ मारून झाल्याबरोबर एकेका जोडाला बोटं लावायचे. जो जोड गरम, तिथं वाट अडली आहे. मी पोराला चावी फिरवायला सांगितली आणि चोकच्या दांडीला हात लावला. हात झटकन मागे घ्यावा लागला. डॅशबोर्डाखालून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. मीटर लावला, निगेटिव्ह खांब ते इंजिन, तर चार व्होल्टच्या वर. बाराच्या बॅटरीतले चार तिथंच वाया जात होते. खाली जाऊन पट्टी सोडली, तर ती हातात पावासारखी चुरगळली. हिरवी भुकटी झालेली आणि मधे दोन-तीन तारा शिल्लक. नवी पट्टी ऐंशी रुपयांची. दोन्ही टोकांचा पत्रा पॉलिश पेपरने घासून उघडा केला, बसवली, पुन्हा मीटर लावला: ०.१. सेल्फ असा फिरला की भाऊ स्टुलावरून उठले.

“काय होतं?” त्यांनी विचारलं.

“अर्थिंगची पट्टी. आता तुटली बघा,” मी म्हणालो.

‘आता’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. ती पट्टी डिसेंबरपासून तशीच होती, बॅटरी आणि सेल्फ दोन्ही उगाच बदलले, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. मी त्यांच्याकडून त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत आणि त्यावर स्वतःची समजूत घातली. ऐंशी रुपयांची पट्टी सोडली आणि २,८५० ठेवून घेतले. भाऊ मला “थँक्यू मिस्त्री” म्हणून गेले. ते थँक्यू माझ्या कानातून आजही जात नाही.

एका चुकीने माणूस सुधारतो असं म्हणतात, माझं तसं झालं नाही. दोन वर्षांनी एका कंपनीतल्या साहेबांची गाडी दर सोमवारी सकाळी बंद सापडायची. ते शुक्रवारी संध्याकाळी बसने पुण्याला जायचे, गाडी सोसायटीत उभी. सोमवारी बॅटरी पार उतरलेली. मी तीनदा गेलो, तीनदा जंप देऊन सुरू केली, ऑल्टरनेटर तपासला, १४.१ व्होल्ट, उत्तम. वॉचमन पहिल्याच सोमवारी म्हणाला होता, “मिस्त्री, रात्री डिकीच्या फटीतून उजेड दिसतो.” मी त्याला म्हणालो, “बाबा, तू चावी आण.” डिकीचा पाच वॅटचा दिवा झाकण लावल्यावर विझतच नव्हता, त्याचा स्विच बिघडलेला. पाच वॅट म्हणजे साधारण ०.४ अँपिअर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले चोवीस-पंचवीस असेच जळून जायचे. हा हिशेब मी चौथ्या सोमवारी केला, तोही वॉचमनने पुन्हा सांगितल्यावर. त्याने दुसऱ्यांदा सांगायची तसदी घेतली, हा त्याचा मोठेपणा.

त्या चौथ्या सोमवारी मात्र गॅरेजवर आल्यावर मी एक वही केली. गाडी येते तेव्हा आधी माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. ‘सकाळीच होतं.’ ‘पाऊस पडला की होतं.’ ‘पेट्रोल भरून निघालं की होतं.’ ‘गाडी गरम असली की अर्धा तास थांबावं लागतं, मग सुरू होते.’ शेवटच्या वाक्यावरून गरम झाल्यावर सिग्नल देणं थांबवणारा क्रँक सेन्सर मी कितीदा तरी धरला आहे. माझ्याकडचे हेल्पर आधी कंटाळायचे. आता स्कॅनर आले, गाडीला जोडला की कोड दाखवतो. पण चोकची दांडी हाताला गरम लागते, याचा कोड नसतो. मी पोरांना अजून वही भरायला लावतो. सेल्फ मारताना व्होल्ट बघितल्याशिवाय माझ्या गॅरेजात बॅटरी विकली जात नाही. ९.६ च्या खाली गेली तरच पुढचं बोलणं, आणि तेही बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून, दोन्ही बाजूंच्या वायरी तपासल्यावर.

भाऊ माझ्याकडेच येत राहिले. ती मारुती त्यांनी पुढं सात वर्षं चालवली. दरवेळी त्यांना सांगावं असं वाटायचं आणि दरवेळी दुसरंच बोलणं व्हायचं. मग ते निवृत्त झाले आणि गंगापूरकडे गावी राहायला गेले.

२०१९ च्या पावसाळ्यात एक बाई स्वतःची गाडी घेऊन आल्या. मी ओळखलं नाही. “काका,” म्हटल्यावर ओळखलं. वाळूजमध्येच एका कंपनीत नोकरीला लागली होती, डिझाइनचं काम. मी पोराला चहा आणायला पाठवलं आणि तिला सगळं सांगितलं. बॅटरी, हायड्रोमीटर, बीप, ‘आता तुटली’ हे वाक्य. सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही.

ती म्हणाली, “पप्पांना माहीत होतं, काका. त्याच उन्हाळ्यात ते हवा चेक करायला आले होते. लाइट गेली होती. तुमच्या शेडमध्ये बल्ब चालू होता. खाली बॅटरीवर त्यांच्या अक्षरातली तारीख होती.”

मला काही बोलता आलं नाही. गल्ल्यातून तीन हजार रुपये काढून तिच्यापुढे धरले. ती घेणार नाही असं मला वाटलं होतं. तिने घेतले, दोनदा घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. “पप्पांना देते,” म्हणाली.

चहा आला. बाहेर तिची गाडी पावसात उभी होती.

“आता हिचं सांगू?” तिने विचारलं.

मी हातातला पाना टेबलावर ठेवला, वही ओढली आणि स्टुलावर बसलो. “सांग. पहिल्यापासून सांग.”